जिवाणू जेवतो कसा, हे शोधता शोधता या गड्याने एकट्याने नोबेल मारलं

१९६३ साल. स्कॉटलंडच्या एडिनबर्ग विद्यापीठात काम करणारा बेचाळीस वर्षांचा एक संशोधक पोटाच्या अल्सरने बेजार झाला होता. दोनच वर्षांपूर्वी त्याने एक सिद्धांत मांडला होता. त्या विषयातल्या मोठमोठ्या लोकांनी एकतर तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, नाहीतर नाकं मुरडली होती. शेवटी त्याने नोकरीचा राजीनामा दिला आणि इंग्लंडच्या पार नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या एका मोडकळीला आलेल्या वाड्याची दुरुस्ती करत बसला. सोबतीला दुभत्या गायी.

नोकरी गेली, तब्येत गेली, सिद्धांताला कुणी विचारेना. कुणालाही वाटावं की गड्याचा खेळ खल्लास.

पंधरा वर्षांनी, १९७८ मध्ये, रसायनशास्त्राचं नोबेल त्याच माणसाला मिळालं. ते पण दोघातिघांत वाटून नाही, अख्खंच्या अख्खं.

नाव पीटर डेनिस मिचेल.

मिचेलला नोबेल मिळालं ते पेशी ऊर्जा कशी बनवते याचं उत्तर दिल्याबद्दल. अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांनी केमिऑस्मोसिस हा शब्द पाठ केलेला असतो, तो याचाच. पण गंमत अशी आहे की मिचेलने सुरुवात ऊर्जेपासून केलीच नव्हती. त्याचा मूळ प्रश्न जवळजवळ बाळबोध म्हणावा असा होता. जिवाणू जेवतो कसा?

जरा विचार करा. जिवाणूला तोंड नाही, पोट नाही. आहे ते फक्त एक पातळ, तेलकट पटल, त्याच्या पेशीभोवती गुंडाळलेलं. जाडी पाच-सहा नॅनोमीटर, म्हणजे तुमच्या केसाच्या जाडीचा दहा हजारावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. तेलातून जसं मीठ-साखर विरघळून पलीकडे जात नाही, तसंच या पटलातूनही साखर, फॉस्फेट वगैरे मंडळींना सहजासहजी जाता येत नाही. बरं, जिवाणू राहतो अशा ठिकाणी, जिथे बाहेर अन्न कणभर आणि आत त्याची साठवण मणभर. गोष्टी आपोआप जातात त्या जास्तीकडून कमीकडे. इथे मात्र कमीकडून जास्तीकडे ओढायचंय. विहिरीतलं पाणी वर काढायचं तर मोटेला बैल लागतो. मग जिवाणूच्या मोटेचा बैल कोणता?

मिचेलचं अख्खं आयुष्य या बैलाच्या शोधात गेलं म्हटलं तरी चालेल.

त्याचा जन्म २९ सप्टेंबर १९२० चा, लंडनजवळच्या मिचममधला. वडील सरकारी नोकर. पण काका गॉडफ्रे मिचेल म्हणजे मोठं प्रस्थ. विम्पी नावाची बांधकाम कंपनी त्यांनी विकत घेऊन ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्यांच्या रांगेत नेऊन बसवली. या कंपनीचे शेअर पीटरच्या आणि त्याच्या भावाच्या वाट्याला आले. हे शेअर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारेत.

शाळेत पोरगं चमकदार वगैरे नव्हतं. आवडेल त्यात डोकं चालवायचं आणि नाही आवडलं की सोडून द्यायचं, असा कारभार. केंब्रिजच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत त्याची डाळ शिजली नाही. तेव्हा टाँटनच्या क्वीन्स कॉलेज या त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक ख्रिस्तोफर वाइझमन यांनी केंब्रिजच्या जीझस कॉलेजला पत्र लिहिलं आणि त्या पत्रावर १९३९ मध्ये त्याला प्रवेश मिळाला. (हे वाइझमन म्हणजे लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिणाऱ्या टॉल्किनचे शाळेपासूनचे जिवलग मित्र. विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

केंब्रिजमध्येही पहिल्या टप्प्याच्या परीक्षेत भावी नोबेलविजेत्याला थर्ड क्लास. पुढे जैवरसायनशास्त्र घेतल्यावर गाडी जरा रुळावर आली. १९४२ मध्ये तो जेम्स डॅनिएली यांच्या हाताखाली संशोधनाला लागला. डॅनिएली म्हणजे पेशीच्या पटलाची रचना कशी असेल यावर आधीच गाजलेला माणूस. युद्धाचे दिवस होते, त्यामुळे आधी विषारी वायूवरच्या उताऱ्याचं काम करावं लागलं. पण पटलाचा नाद मिचेलला लागला तो इथेच.

युद्ध संपल्यावर त्याने पीएचडीसाठी प्रबंध दिला आणि परीक्षकांनी तो नापास केला. पुन्हा नव्याने, पेनिसिलिन जिवाणूवर कसं काम करतं या विषयावर लिहून १९५१ मध्ये कुठे पदवी पदरात पडली.

या धडपडीच्या काळातच एक गोष्ट घडली, जी माझ्या मते त्या पदवीपेक्षा कितीतरी मोलाची होती. केंब्रिजमध्ये मार्जरी स्टीफनसन नावाच्या जिवाणूंच्या रसायनशास्त्रातल्या जाणकार बाई होत्या. त्यांच्याकडे काम करणारी गर्टन कॉलेजची जेनिफर मॉइल प्रयोगात अत्यंत काटेकोर होती. मिचेलकडे कल्पनांचा पूर, पण त्या बांधून घालणारं कुणी नाही. या दोघांनी एकत्र काम करावं असं स्टीफनसन यांनी सुचवलं. १९४८ च्या सुमारास सुरू झालेली ही जोडी पुढे जवळपास ३५ वर्षं टिकली. मिचेलने म्हणायचं की असं असलं पाहिजे, आणि मॉइल बाईंनी ते खरंच तसं आहे का हे मोजून दाखवायचं.

आता त्या काळी जैवरसायनशास्त्राची रीत काय होती ते बघा. पेशी घ्यायच्या, वाटून-घाटून त्यांचा रस काढायचा आणि त्या रसात कोणतं विकर काय करतं ते तपासायचं. मोठमोठे शोध याच रीतीने लागले. पण रस काढला की एक गोष्ट कायमची हरवते. ती म्हणजे आत आणि बाहेर. भिंतच राहिली नाही तर दार कुठे होतं हे कळणार कसं?

मिचेलने जिवाणू अखंड ठेवले. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस त्याने निवडला आणि किरणोत्सारी फॉस्फेट देऊन ते आत कसं जातं हे मोजायला घेतलं. तेव्हा दिसलं ते असं. फॉस्फेट गळक्या भिंतीतून झिरपत नव्हतं. एक आत गेलं तर बदल्यात एक बाहेर येत होतं, अगदी देवघेवीसारखं. फॉस्फेटसारखाच दिसणारा आर्सेनेट त्याच दारातून घुसत होता, बाकीच्यांना मात्र मज्जाव. पाऱ्याचं संयुग टाकलं की दार बंद. ही सगळी लक्षणं विकराची होती. म्हणजे पटलात विकरासारखंच काहीतरी बसलेलं होतं, जे रसायन बदलण्याऐवजी माल या बाजूचा त्या बाजूला करत होतं.

इथे मिचेलच्या डोक्यात जी ठिणगी पडली ती मोठी होती. विकराला दिशा असू शकते. पटलात आडवं बसलेलं विकर एका तोंडाने इकडून घेईल आणि दुसऱ्या तोंडाने तिकडे सोडेल. मग अन्नाची वाहतूक आणि रासायनिक क्रिया या दोन वेगळ्या गोष्टी राहतच नाहीत, ती एकच घटना होते.

१९५५ मध्ये मायकेल स्वान यांनी त्याला एडिनबर्गला बोलावलं, प्राणिशास्त्र विभागात एक छोटं संशोधन केंद्र उभारून दिलं. मॉइलही सोबत गेली. तिथे या ठिणगीचा वणवा झाला.

त्या वेळी साऱ्या जगातले जैवरसायनशास्त्रज्ञ वेगळ्याच कोड्यामागे धावत होते. आपण अन्न खातो, श्वास घेतो, त्यातून एटीपी नावाचा रेणू बनतो. पेशीतली बरीचशी कामं या एटीपीवर चालतात, म्हणून त्याला पेशीचं चलन म्हणतात. प्रश्न असा की अन्न जळताना सुटणारी ऊर्जा एटीपीत जाते कशी? १९५३ पासून सगळ्यांची समजूत अशी होती की मध्ये एखादा ऊर्जेने भारलेला रेणू बनत असणार, आणि तो ती ऊर्जा पुढे सोपवत असणार. तो मधला रेणू पकडायला नावाजलेल्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षं जाळी लावून बसल्या होत्या. कुणीतरी सापडला म्हणून जाहीर करायचं आणि काही दिवसांनी गप्प बसायचं, असं पुन्हापुन्हा झालं.

जुलै १९६१ मध्ये नेचर या साप्ताहिकात मिचेलचा पाचेक पानांचा लेख आला. त्याचा मथितार्थ असा की तो मधला रेणू सापडत नाही, कारण तो नाहीच.

मग आहे काय? आहे ती दरी. समजा एक धरण आहे. नदीचं पाणी भिंतीमागे अडवलं की उंचीच्या फरकात ऊर्जा साठते. भिंतीत एक वाट ठेवून तिथे टर्बाइन बसवलं की वीज निघते. मिचेलने म्हटलं, पेशीचं पटल ही धरणाची भिंत. अन्न जळताना जी साखळी चालते, ती हायड्रोजनचे कण, म्हणजे प्रोटॉन, पटलाच्या एका बाजूला ढकलत राहते. तिकडे प्रोटॉनची गर्दी होते, धन भार साठतो. पटल तेलकट असल्यामुळे प्रोटॉन सहजी परत येऊ शकत नाहीत. त्यांना यायला ठरावीक वाटा आहेत. त्यातल्या एका वाटेवर एटीपी बनवणारं यंत्र बसलंय.

म्हणजे तो बैल म्हणजे कुठला रेणू नव्हताच. दोन बाजूंमधला फरक हाच बैल.

हा फरक किती? साधारण १५० ते २०० मिलिव्होल्ट. घड्याळात घालतो त्या सेलच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. किरकोळ वाटतं ना? पण पटलाची जाडी आठवा. सहा नॅनोमीटरवर एवढा दाब म्हणजे मीटरला सुमारे ३ कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला मीटरला ३० लाख पुरतात. तुमच्या आतड्यातला प्रत्येक जिवाणू अंगाभोवती एवढं विजेचं क्षेत्र गुंडाळून बसलेला असतो.

याचा एक मोठा पुरावा आधीच पडून होता, फक्त कुणी तसा वाचला नव्हता. डायनायट्रोफिनॉल नावाचं एक रसायन आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन कमी करायची गोळी म्हणून विकलं गेलं. लोक बारीक झाले, काही मेलेही, कारण शरीर आतून भट्टीसारखं तापायचं. अन्न जळत होतं पण एटीपी बनत नव्हता. का, ते कुणाला कळत नव्हतं. मिचेलच्या हिशेबाने उत्तर सोपं होतं. हे रसायन प्रोटॉनला पाठीवर घेऊन पटलातून आरपार जातं. थोडक्यात धरणाला भोकं पाडतं. नदी वाहतेय, पण पाणी टर्बाइनवर जातच नाही.

आणि आता मूळ प्रश्नाकडे या. जिवाणूचं जेवण. १९६३ मध्ये मिचेलने हेच सूत्र तिथे लावलं. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बाहेरून ओढून आत कितीतरी पट जास्त साठवतो. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या झाक मोनो आणि मंडळींनी १९५६ मध्ये त्या दाराचा पत्ता लावला होता. पण दार ढकलतं कोण हे ठाऊक नव्हतं. मिचेल म्हणाला, प्रोटॉनच. बाहेर कोंडलेला प्रोटॉन आत यायला आसुसलेला असतो. दाराची रचना अशी की एकट्या प्रोटॉनला आत सोडायचं नाही. सोबत लॅक्टोजचा एक रेणू असेल तरच जोडीने आत. प्रोटॉन उताराने येतो आणि जाता जाता साखरेला चढावर ओढून नेतो. अशा दारांना त्याने नावंही दिली. जोडीने एकाच दिशेला नेणारा तो सिम्पोर्ट, एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर काढणारा तो अँटिपोर्ट. ही नावं आजही तशीच वापरात आहेत.

अर्थात जिवाणूची सगळीच दारं अशी नसतात. काही थेट एटीपी खर्च करतात. ग्लुकोजसाठी तर ई. कोलायकडे वेगळीच युक्ती आहे, आत घेता घेताच तिला फॉस्फेट चिकटवून टाकायचं. पण वाहतूक आणि रासायनिक क्रिया एकच, ही कल्पना मिचेल आणि मॉइल यांनी १९५० च्या दशकातच मांडली होती. म्हणजे तिथेही बाण निशाण्याच्या आसपासच लागला होता.

तरीही १९६१ नंतर लोकांनी त्याला गांभीर्याने घेतलं नाही. कारण समजण्यासारखं आहे. लेखात नवे प्रयोग नव्हते, सगळी मांडणी डोक्यातून आलेली. रसायन शोधणाऱ्यांना हा गडी भिंती आणि विजेच्या गोष्टी सांगत होता. त्यात अल्सर. म्हणून तो राजीनामा.

आता ते विम्पीचे शेअर. बॉडमिन गावाजवळचा ग्लिन हाऊस नावाचा जुना वाडा मिचेलने घेतला होता. १९६३ ते १९६५ अशी दोन वर्षं स्वतः उभं राहून त्याने तो दुरुस्त करून घेतला. अर्ध्यात राहायचं घर, अर्ध्यात प्रयोगशाळा. त्याने आणि त्याच्या भावाने मिळून सुमारे अडीच लाख पौंड घातले आणि ग्लिन रिसर्च नावाची संस्था काढली. कर्मचारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जेनिफर मॉइल एडिनबर्ग सोडून तिथेही आली.

बाईंनी तिथे जे प्रयोग केले ते दिसायला इतके साधे आहेत की आश्चर्य वाटतं. उंदराच्या यकृतातून मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे तंतुकणिका काढायच्या. (आपल्या पेशीतल्या या कणिका मुळात एकेकाळच्या जिवाणूंच्याच वंशज, त्यामुळे यंत्रणा तीच.) त्या ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात ठेवायच्या, त्यात आम्लता मोजणारा इलेक्ट्रोड बुडवायचा आणि ऑक्सिजनचा एक छोटासा घोट द्यायचा. घोट मिळताच बाहेरचं पाणी आम्लधर्मी होतं, म्हणजे प्रोटॉन बाहेर फेकले गेले. मग काटा हळूहळू पुन्हा जागेवर येतो. किती ऑक्सिजनला किती प्रोटॉन, याचा हिशेब १९६५ पासून छापून यायला लागला. त्यांचे आकडे पुढे कमी भरले, इतरांनी जास्त मोजले. पण प्रोटॉन बाहेर जातात हे आता नाकारता येत नव्हतं.

१९६६ मध्ये मिचेलने आपला सगळा सिद्धांत एका पुस्तिकेत नव्याने लिहिला आणि ग्लिनतर्फे स्वतःच छापला. १९६८ मध्ये दुसरी आली. करड्या रंगाच्या कव्हरमुळे या विषयातले लोक त्यांना करडी पुस्तकं म्हणून ओळखतात.

बाहेरून मदत आली ती अनपेक्षित ठिकाणाहून. अमेरिकेत आंद्रे यागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरीबे यांनी पालकाच्या पानातली हरितलवकं घेतली, आधी आम्लात भिजवली आणि मग अंधारात एकदम अल्कलीत टाकली. उजेड नाही, अन्न जळत नाही, फक्त आतबाहेर प्रोटॉनचा फरक. तरी एटीपी बनला. हे १९६६ चं. १९७० मध्ये इयन वेस्ट यांनी लॅक्टोजचं भाकीत तपासलं. उपाशी ठेवलेल्या ई. कोलायला साखर दिली की बाहेरच्या पाण्याची आम्लता कमी होते का? झाली. साखरेबरोबर प्रोटॉन आत गेले होते. पुढे वेस्ट आणि मिचेल यांनी मिळून हिशेब मांडला, तर एका साखरेमागे एक प्रोटॉन. सात वर्षांपूर्वी कागदावर लिहिलं होतं, अगदी तसंच.

मला सगळ्यात भारी वाटतो तो १९७४ चा प्रयोग. एफ्राइम रॅकर आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी सोयाबीनच्या चरबीचे सूक्ष्म फुगे केले. त्यात खारट पाण्यात राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचं जांभळं प्रथिन बसवलं, जे उजेड पडला की प्रोटॉन ढकलतं. शेजारी गुरांच्या हृदयातून काढलेलं एटीपीचं यंत्र बसवलं. या तिघांची निसर्गात कधी गाठ पडलेली नाही. दिवा लावला आणि एटीपी बनायला लागला. त्यांना जोडणारं काहीच नव्हतं, फक्त प्रोटॉन सोडून. मधल्या रेणूची गोष्ट तिथे संपल्यात जमा होती.

१९७७ मध्ये या क्षेत्रातल्या सहा दिग्गजांनी एक संयुक्त लेख लिहिला. त्यात मिचेल होता, रॅकर होते, मधल्या रेणूची कल्पना मांडणारे स्लेटरही होते. आता संयुक्त म्हणायचं, पण प्रत्येकाने आपापला भाग वेगळा लिहिला होता. एवढी वर्षं भांडल्यावर एका कागदावर नावं आली हेच खूप. पुढच्याच वर्षी नोबेल.

नोबेल एकट्या मिचेलला मिळालं. मॉइल बाईंचं नाव त्यात नव्हतं. सिद्धांत मिचेलचा, हे खरंच. पण ज्या आकड्यांमुळे लोक ऐकायला लागले, त्यातले कितीतरी आकडे बाईंच्या हातचे. १९८३ मध्ये त्या निवृत्त झाल्या, २०१६ मध्ये वारल्या. मिचेलबद्दल दहा लेख वाचले तर एखाद्यात त्यांचं नाव सापडतं.

मिचेल बरोबर होता, पण सगळीकडे नाही. एटीपी बनवणारं यंत्र नेमकं कसं चालतं यावर त्याचं आणि अमेरिकेच्या पॉल बॉयर यांचं वर्षानुवर्षं वाजलं. मिचेलला वाटायचं, प्रोटॉन थेट क्रियेच्या जागी जाऊन काम करतात. बॉयर म्हणायचे, नाही, प्रोटॉन दूर कुठेतरी एक चाक फिरवतात आणि चाकाच्या दांड्यामुळे यंत्राचा आकार बदलत राहतो. १९८५ मध्ये मिचेलनेही लोटणाऱ्या आणि फिरत्या दाराची एक स्वतःची कल्पना छापली, पण बरोबर ठरले ते बॉयर. १० एप्रिल १९९२ रोजी मिचेल वारला. शेवटची वर्षं कानाने नीट ऐकू येत नव्हतं आणि ग्लिनच्या खर्चाची ओढाताण कायम मागे लागलेली होती. १९९४ मध्ये जॉन वॉकर यांनी त्या यंत्राच्या डोक्याचा नकाशा काढला. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्याच्या दांड्याला एक चमकणारा धागा चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो गरागरा फिरताना पाहिला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना नोबेल. हे बघायला मिचेल हवा होता.

पण हे एकच चाक नाही. ई. कोलाय ज्या शेपटांनी पोहतो, त्यांच्या मुळाशीही मोटर असते, सेकंदाला शंभराहून जास्त फेऱ्या घेणारी. शेपटं आयनांच्या प्रवाहावर चालत असावीत असं मिचेलने १९७२ मध्येच लिहिलं होतं. त्याने सांगितलेली रचना चुकली, पण इंधन बरोबर निघालं. तीही प्रोटॉनवरच चालते.

आणि तिसरी मोटर थेट जेवणाची आहे. ई. कोलायसारख्या जिवाणूंना दोन पटलं असतात. आतल्या पटलावर विजेचा दाब असतो, बाहेरच्यावर नाही, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत एटीपीही नसतो. साखरेसारखे लहान रेणू बाहेरच्या पटलातल्या भोकांतून येतात. पण लोह आणि बी-१२ जीवनसत्त्वाचं तसं नाही. बी-१२ चा रेणूच मोठा. लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यात आपलं शरीर ते जिवाणूला मिळू नये म्हणून बांधून ठेवतं. म्हणून जिवाणू लोहाला पकडून आणणारे खास रेणू बाहेर सोडतो आणि लोह घेऊन ते परतले की बाहेरच्या पटलातल्या दारातून आत घेतो. या दारात बूच बसवलेलं असतं. ते ओढायला ताकद लागते, आणि ताकद तर आतल्या पटलावर आहे.

मधला दोर आहे टॉनबी नावाचं प्रथिन. आतल्या पटलात एक्सबीबी या प्रथिनाच्या पाच नगांचं कडं असतं, त्याच्या मधोमध एक्सबीडीचे दोन नग. २०१८ च्या सुमारास ही पाचात दोनची रचना स्पष्ट झाली. २०२० मध्ये शेपटाच्या मोटरीला ताकद देणाऱ्या भागाची चित्रं आली, तर तिथेही पाचात दोनच. दोन्ही एकाच घराण्यातल्या. प्रोटॉन आत शिरतो, कडं आतल्या जोडीभोवती थोडंथोडं सरकत फिरतं आणि ती ओढ टॉनबीमार्फत बाहेरच्या दाराच्या बुचापर्यंत पोहोचते, असं सध्याचं चित्र आहे. फिरण्याचं रूपांतर ओढण्यात नेमकं कसं होतं, यावर अजून काम चालू आहे.

या मोटरींवर आता औषधंही निघालीत. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी भारतात २०१६ पासून दिलं जाणारं बेडाक्विलिन हे टीबीच्या जिवाणूच्या एटीपी बनवणाऱ्या चाकातच जाऊन अडकतं. आणि २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेलं सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक लोहाला धरून ठेवतं. जिवाणूला वाटतं लोह आलं, तो मोटर चालवतो, बूच ओढतो आणि औषध स्वतःच्याच ताकदीने आत घेतो.